तू की तुम्ही

"पुढचे कोण, या आत," असं तिनं दारातून दोनदा म्हटलं तरी बाकावरचा माणूस हलला नाही. शेजारच्या बाईनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा तो उठला. यात नवल काही नव्हतं. पहिल्या हाकेला ऐकू येणारा माणूस कान तपासायला कशाला येईल? अशी ढोसली जाणारी माणसं ती रोज बघायची. ढोसणाऱ्या बायका, लेकी, सुनाही बघायची. पण हा माणूस उठला तो डावा हात छातीशी धरून. जणू हातात काहीतरी नाजूक आहे आणि कुणाचा धक्का लागेल. आत शिरताना त्यानं तो हात चौकटीला टेकवला. बोटांवर, जिथे नख कातडीतून बाहेर येतं तिथे, काळपट घट्टे होते. तिची नजर त्या घट्ट्यांवर गेली आणि तिथेच खिळली. चेहरा तिनं मागाहून बघितला. केस मागे हटलेले, गाल उतरलेले, जाड चष्मा. चेहऱ्यानं काही सांगितलं नसतं. बोटांनी सांगितलं.

त्यानं तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसा? केस अर्धे पिकलेले, अंगावर पांढरा कोट, आणि आवाज तर तिचा तिलाच ओळखू यायचा नाही. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये एक नस दुखावली आणि तेव्हापासून तिचा आवाज जाड, खरबरीत झाला होता, ओल्या लाकडावर करवत फिरवल्यासारखा. ती खुर्चीवर बसली आणि रोजचे प्रश्न रोजच्यासारखे विचारायला लागली. काय त्रास होतो? कधीपासून? उत्तरं बायकोच देत होती. टीव्ही एवढा मोठा लावतात की खालच्या मजल्यावरचे लोक बातम्या फुकट ऐकतात. दाराची बेल कळत नाही. "आणि बायकांचं बोलणं तर मुळीच कळत नाही," ती म्हणाली. तो ओशाळं हसला. "तसं ते आधीही कळत नव्हतंच म्हणा," बायकोनं पुढे जोडलं आणि स्वतःच खुदकन हसली. गोरी, बुटकी, गोल चेहऱ्याची बाई. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. ती आपल्याला आवडत्येय हे लक्षात येऊन हिला उगाच राग आला. "काम काय करता?" हिनं विचारलं. उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारताना आपला आवाज स्थिर राहिला याचं तिला बरं वाटलं. "शिकवतो," तो म्हणाला. "सारंगी. पण हल्ली वरच्या सुरांचं मुलांना सांगतो, तुमचं तुम्ही बघा रे बाबांनो."

तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं. ही खोली म्हणजे खोलीच्या आत खोली. भिंतींना जाड गादी, दाराला दोन पदर, आत शिरलं की स्वतःचा श्वाससुद्धा परका वाटतो. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, आणि हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला तरी दाबायचं, आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. हे ती दिवसातून कितीतरी वेळा सांगायची, पण आज सांगताना त्याच्या कानामागचा तो छोटा तीळ दिसला आणि तिचं वाक्य मध्येच तुटलं. मग दार लावून ती काचेच्या अलीकडे येऊन बसली. पलीकडे तो, हेडफोन लावून, मान खाली घालून. अलीकडे ती, पुढ्यात मायक्रोफोन. असं ती आणि तो पूर्वी एकदा बसले होते. फक्त तेव्हा काचेच्या आत ती होती.

ती रेकॉर्डिंगची खोली एका छापखान्याच्या वर होती. खालची यंत्रं सुरू झाली की फरशी थरथरायची, म्हणून छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीतच रेकॉर्डिंग करावं लागायचं. बँड दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. दादा गिटार वाजवायचा, रसायनशास्त्र शिकायचा, आणि बँडचं इंग्रजी नाव त्यानं त्याच विषयाच्या पुस्तकातून उचललं होतं. ते उच्चारताना प्रत्येक कार्यक्रमात निवेदकाची त्रेधा उडायची. ड्रमवर धडाम. खरं नाव काही का असेना, त्याच्या आईसकट सगळे त्याला धडामच म्हणत. आणि एक दिवस दादानं कुठूनतरी हा मुलगा आणला. सात पिढ्या सारंगी वाजवणाऱ्या घरातला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, कमी बोलणारा. धडामनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव उस्ताद ठेवलं, चिडवायला, आणि तेच चिकटलं. रॉक म्हणजे काय हे उस्तादला ठाऊक नव्हतं. ड्रमचा पहिला ठोका पडला तेव्हा तो दचकून उठून उभा राहिला होता. पण दादा म्हणाला, तू फक्त ऐक, आणि जिथे दुखेल तिथे वाजव. मग गिटारच्या भिंतीच्या मधल्या फटीतून त्याची सारंगी अशी काही आली की धडामनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाला, आयला, हे माणसासारखं रडतंय. त्या दिवसापासून त्यांच्या गाण्यांना काय म्हणावं ते लोकांना कळेनासं झालं. रॉकवाले म्हणत हे शास्त्रीय, शास्त्रीयवाले कानात बोटं घालत. पण सभागृहं भरायची.

गाणी ती लिहायची. इंग्रजीत. कॉलेजात सगळे तसंच लिहीत, रॉक म्हटल्यावर इंग्रजीच, असं तेव्हा ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. उस्ताद आल्यानंतर जवळजवळ वर्षभर तिला हे ठरवता आलं नव्हतं की त्याला तू म्हणायचं की तुम्ही. बाकी सगळे त्याला अरे-तुरे करत. तिच्या तोंडात तू यायचा आणि जिभेच्या टोकाशी अडायचा, कारण त्या तू मध्ये जे होतं ते सगळ्यांना ऐकू आलं असतं. आणि तुम्ही म्हणावं तर धडामनं तिला जन्मभर चिडवलं असतं. मग ती दोन्ही टाळून बोलायची. "चहा झाला का?" "आज लवकर निघणं आहे का?" "ते मघाचं परत वाजवता येईल?" शब्दांची अशी कसरत करत ती त्याच्याशी बोलायची आणि घरी आल्यावर दमून जायची. इंग्रजीत मात्र एकच यू. धाकट्याला यू, थोरल्याला यू, देवाला आणि दुकानदारालाही यू. त्या यू मध्ये ती काहीही ठेवू शकायची. शिवाय आपल्या भाषेत मी वाट बघते म्हटलं की बाई उघडी पडते. इंग्रजीत वाट कोण बघतंय, पुरुष की बाई, कुणाला कळायचं नाही. घरी आईला इंग्रजी येत नव्हतं. बाबा नुकतेच गेले होते, आई दिवसभर गप्प असायची, आणि ही आतल्या खोलीत मोठ्यानं म्हणायची ते शब्द आईला कळले असते तर तिनं पोळपाट टाकून धाव घेतली असती. उस्तादलाही इंग्रजी येत नव्हतं. ज्यांना शब्द कळायचे त्यांना ते कुणासाठी आहेत हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याच्यासाठी होते तो हातभर अंतरावर, बुटक्या चौरंगावर मांडी घालून, मान खाली घालून, नखं तारांवर घासत बसलेला असायचा.

ती उभी, तो बसलेला. म्हणून तिच्या एका गाण्याचं ध्रुपद तसं झालं. लुक अप. एवढंच. वर बघ. बाकीच्या ओळी येत-जात, पण ते दोन शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आधी गुणगुणत, मग उघड, मग शेवटी ड्रम थांबल्यावर एकटीच. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. एका कार्यक्रमापासून उस्ताद खरंच वर बघायला लागला. पण तिच्याकडे नाही. ध्रुपद आलं की तो डोळे मिटून चेहरा वर उचलायचा, तिच्या डोक्यावरून थेट छताकडे, आणि असं वाजवायचा की समोरच्या अंधारात कुणीतरी हुंदका द्यायचं. ते वाजवणं म्हणजे बँडची ओळख होऊन बसलं. लोक त्यासाठीच यायचे. तिला काही कळेना. एकदा तिनं गाता गाता एक ओळ नवीन घातली, की छताकडे नको रे, मी इकडे आहे. लोकांना वाटलं विनोद केला, सभागृह हसलं, आणि उस्तादनं मिटलेल्या डोळ्यांनी चेहरा आणखी थोडा वर उचलला.

काचेपलीकडे तो बटण दाबत होता. जाड, घुमणारे आवाज त्याला चांगले ऐकू येत होते. मधले बरे. मग ती वरवर सरकत गेली, शिट्टीसारख्या, डासासारख्या आवाजांकडे, आणि बटण थांबलं. तिनं आवाज वाढवला. आणखी वाढवला. तो शांतपणे बसून होता, बटणावर अंगठा ठेवून, आज्ञाधारक मुलासारखा वाट बघत, आणि आवाज त्याच्या कानावरून वाहून जात होता. कागदावर ती खुणा करत होती त्या उजवीकडे जात जात उतारावर घसरत होत्या. त्या घसरणीत काय काय गेलं असेल ते तिला ठाऊक होतं. स, श, फ. पानांची सळसळ. तारेवर नख सरकण्याआधीची ती बारीक खरखर. वाजवणाऱ्याला सूर लागण्याआधी तीच सांगते, तू बरोबर जागी आहेस.

मग शब्दांची चाचणी. ती तोंडासमोर पुठ्ठा धरून शब्द म्हणते, ओठ दिसता कामा नयेत. समोरच्यानं ऐकू येईल तो शब्द परत म्हणायचा. "माती," ती म्हणाली. "माती," तो म्हणाला. "दोरी." "दोरी." "साप." "ताप." तिनं खूण केली. "गहू." "गहू." "वाट." उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "वाट." पुठ्ठ्याच्या कडेवरून तिनं बघितलं तर तो काचेकडे बघत होता, डोळे बारीक करून.

"मॅडम," तिच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "तुम्ही प्रत्येक शब्दाआधी श्वास घेता."

"ऐकू येतो?" तिनं विचारलं.

"यात येतो. तुम्ही मोठा केलाय ना आवाज. अशी एकच मुलगी मला माहीत होती. माइकमध्ये तिचा श्वास यायचा म्हणून तिचा भाऊ तिच्यावर ओरडायचा. आणि मी म्हणायचो, राहू दे, मला त्यावरून कळतं की ती आता येणार."

हे त्यानं कधी म्हटलं होतं? तिच्यासमोर तरी नाही. तिनं पुठ्ठा खाली ठेवला. तिला वाटलं आता काहीतरी बोलायला हवं, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते एवढंच, "चहा झाला का?"

काचेपलीकडे त्यानं हेडफोन काढला. दार उघडायच्या आधीच तो उभा राहिला होता, आणि डावा हात छातीशी धरायचा विसरला होता.

बाहेर आल्यावर सगळं एकदम सोपं झालं, म्हणजे वरवर. बायकोनं दोन्ही हातांनी हिचा हात धरला. "अगं बाई, तुम्ही त्या! ह्यांच्याकडून इतकं ऐकलंय." काय ऐकलंय ते विचारायचा हिला धीर झाला नाही. चहा आला. धडाम परदेशात हॉटेल चालवतो, दादा रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाला, नातवात रमलाय, असं काय काय हिनं सांगितलं. स्वतःबद्दल, लग्न झालं होतं, निभलं नाही, असं एका वाक्यात उरकलं. उस्ताद तिच्या ओठांकडे बघत ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे एवढा वेळ बघत होता, आणि तेही ओठ वाचायला. मग कप खाली ठेवून तो म्हणाला, "ते एक गाणं मी अजून वाजवतो. शब्दांशिवाय. वडिलांचं."

"कुणाच्या वडिलांचं?"

"तुझ्याच की. लुक अप." त्याच्या तोंडात ते दोन शब्द ठेचकाळल्यासारखे आले. "मी एकदा दादाला विचारलं होतं, हे काय म्हणते रे ही पुन्हा पुन्हा? तो म्हणाला, वर बघ म्हणत्येय. बाबा गेले ना, वर आहेत, त्यांच्याकडे. तेव्हापासून मी ते वाजवताना माझ्या आजोबांना आठवायचो. ज्यांनी मला बोट धरून शिकवलं ते. आमच्याकडे कुणी गेलं तरी मी तेच वाजवतो." बायकोनं मान डोलावली. "माझ्या आईच्या वेळी वाजवलं होतं ह्यांनी," ती म्हणाली. "अख्खी गल्ली रडली."

तिनं त्यांना जेवून परत यायला सांगितलं. दुपारी कानाला यंत्र बसवून बघू. दोघं गेल्यावर ती मशिनच्या खोलीत उभी राहिली आणि दादाला फोन लावला. रविवारी फोन करायची दोघांची सवय, त्यामुळे आज आवाज ऐकून तो आधी घाबरला. मागे नातू काहीतरी आपटत होता.

"उस्ताद आला होता," ती म्हणाली.

"आपला? अरे वा! कसा आहे?"

"ऐकू कमी येतं. दादा, ते गाणं बाबांवर आहे असं तू त्याला सांगितलंस?"

मग दादा म्हणाला, "एवढ्या वर्षांनी हे घेऊन आला होय तो?"

"तो काही घेऊन आलेला नाही. त्याला अजून ते खरंच वाटतं. तुला माहीत होतं ना, कुणावर आहे ते?"

"अगं, सगळ्या बँडला माहीत होतं. धडामला माहीत होतं. आणि धडामला स्वतःचा वाढदिवस लक्षात राहत नसे."

"मग?"

"मग काय! त्यानं विचारलं तेव्हा तू पलीकडे वायरी गुंडाळत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. म्हटलं, खरं सांगितलं तर हा उद्यापासून यायचा नाही. तो तसलाच होता, भिऊन पळाला असता. तोंडात आलं ते बोलून गेलो. आणि मग त्यानं ते वाजवलं. तू होतीस ना तिथे? तू सांग, ते ऐकल्यावर मी कुठल्या तोंडानं खरं सांगणार होतो?"

"मला विचारायचं होतंस."

"तू तरी कुणाला काही सांगत होतीस का?" दादाचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तूही इंग्रजीतच लिहीत होतीस की."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं आपण आता संतापणार. ती संताप येण्याची वाट बघत राहिली, पण आली ती भलतीच आठवण. शेवटच्या कार्यक्रमानंतर उस्ताद सारंगी कापडात गुंडाळत होता. म्हणाला, घरी बोलावलंय, लग्न ठरलंय, आता येणं जमायचं नाही. दादा त्याच्या पाठीवर थाप मारत होता, धडाम अभिनंदन करत होता, आणि ती म्हणाली होती, "वा, छान." वा छान मध्ये तू नव्हता, तुम्ही नव्हते, काहीच नव्हतं. त्यानंतर बँड वर्षभर ओढत-खेचत चालला. गिटारच्या मधली ती फट तशीच उघडी राहिली आणि तिच्यातून नुसता वारा यायचा. ती गायची, लोक टाळ्या वाजवायचे, आणि चौरंगाच्या जागी दादानं एक जादा स्पीकर ठेवला होता. मग ती हा कोर्स शिकली. कुणी विचारलं की सांगायची, नोकरी लगेच मिळते म्हणून. खरं म्हणजे तिला ऐकण्याच्या आसपास राहायचं होतं. दुसरीकडे कुठे राहावं ते सुचलं नव्हतं.

दुपारी ते परत आले. तिनं त्याच्या दोन्ही कानांमागे यंत्रं बसवली, बारीक नळ्या आत सारल्या, संगणकावरून आवाज हळूहळू वर आणला. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. त्यानं स्वतःच्या सदऱ्याच्या बाहीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला. "याला आवाज आहे," तो म्हणाला. बायकोनं पिशवीतून रुमाल काढला तर त्यानं वळून बघितलं. पंखा, चपला, खुर्चीची कुरकुर. "एवढी बडबड चालू असते जगात?" तो म्हणाला, आणि बायको म्हणाली, "अहो, मी दरवेळी वेगळं काय सांगत होते?" तिघंही हसली. मग तो हिला म्हणाला, "तुझा आवाज बदललाय."

"ऑपरेशन झालं गळ्याचं. गाता येत नाही आता."

त्यानं मान हलवली. आपल्या कानांबद्दल डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाही त्यानं अशीच हलवली असणार. "मग शब्द तरी सांग. दादानं ते एका वाक्यात उरकलं. त्यात काय काय आहे ते मला कुणी कधी सांगितलंच नाही. आता ऐकू येतंय तर सांग."

बायको पिशवी मांडीवर घेऊन नीट सावरून बसली, गोष्ट ऐकायला बसावं तशी. हिला दिसत होतं की वडिलांचं गाणं रचून सांगणं अगदी सोपं आहे. आकाश आहे, तारे आहेत, आधार गेलेलं घर आहे. खोटं घडवायचं सामान सगळं हाताशी होतं, आणि त्या खोट्यावर किती माणसं मनसोक्त रडली होती. ते मोडायचा आपल्याला काय अधिकार? तिनं तोंड उघडलं. "त्यात असं आहे," ती म्हणाली, आणि पहिल्याच शब्दाशी अडली. इंग्रजीतला यू समोर उभा होता आणि त्याला आपल्या भाषेत आणल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. वडिलांना ती अहो बाबा म्हणायची. हे गाणं तसं सुरू करून चालणार नव्हतं. करता आलंही नसतं. तिनं श्वास घेतला. त्यानं तो ऐकला.

"तुझी मान खाली," ती म्हणाली. "माझ्या आवाजाची सावली तुझ्या हातांवर पडते आणि तुला वाटतं दिवे हलले. सगळे घरी जातील. मी वायरी गुंडाळीन, तू तुझं वाद्य निजवशील, आणि आपण एकमेकांना काहीच म्हणणार नाही. वर बघ. मी लांब कुठे नाही. मी इथे आहे, उभी. वर बघ, एकदाच बघ, मग हवं तर विसरून जा. वर बघ." तिच्या खरबरीत आवाजात ते गाण्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. शेजारणीनं भिंतीवरून काहीतरी सांगावं तसं वाटत होतं. "छताकडे नको," तिनं शेवटची ओळ सांगितली, "ती मी नंतर घातली."

पंख्याचा आवाज आता तिघांनाही ऐकू येत होता. उस्ताद टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"म्हणजे बाबा नव्हतेच त्यात," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे मी सगळं चुकीचं वाजवलं."

तिला काय काय अपेक्षित होतं कुणास ठाऊक, पण हे नव्हतं. "चुकीचं कसं? लोक रडायचे. मीसुद्धा…" पण तो ऐकत नव्हता. "नाही, नाही. मी मरणाचं वाजवत होतो. हे तर कुणीतरी हाक मारतंय. हे इतक्या वर नाही घ्यायचं. हे खाली." त्याची डावी बोटं टेबलाच्या कडेवर आली, घट्टे लाकडाला टेकले, उजवा हात हवेत आडवा झाला. "हे जाड तारेवर. घाई नाही. दोनदा जवळ जायचं आणि सूर न घेता परत यायचं. आणि मग…" बोटं सरकली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली, पुन्हा मागे आली. या खेपेला ती एका जागी पोचली आणि थरथरत तिथेच राहिली. आवाज काही नव्हता. लाकडावर कातडी घासल्याची खरखर, तेवढीच. पण तिला सगळं ऐकू आलं. तिच्या शब्दांच्या जरा मागे, तिची वाट अडवणार नाही अशा बेतानं, तिला उत्तर देत कुणीतरी येत होतं. हे असं वाजलं असतं तर सभागृह रडलं नसतं, बहुधा टाळ्याही कमी पडल्या असत्या, आणि ती त्या दिवशी वायरी तशाच टाकून त्याच्याबरोबर निघाली असती. त्यानं हात उचलला. तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी ओठांकडे नाही. "असं," तो म्हणाला. "असं वाजवायला हवं होतं." त्याचे डोळे भरले होते. चुकीच्या सुराबद्दल की आणखी कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. विचारायचं नव्हतंच.

यंत्रांची काळजी कशी घ्यायची, झोपताना काढून कुठे ठेवायची, ओली होऊ द्यायची नाहीत, हे तिनं बायकोला समजावून दिलं. उस्ताद तोवर बाहेर जाऊन बाकावर बसला होता. बायकोनं यंत्रांची डबी पिशवीत टाकली, पिशवीचा बंद ओढला, आणि जाता जाता थांबली. तिच्या गोल चेहऱ्यावर राग नव्हता. कीव नव्हती, ते बरं झालं.

"ह्यांना आपण होऊन काही कळत नाही हो," ती हळू आवाजात म्हणाली. "माझी मावशी ह्यांच्या शेजारी राहायची. मी सुट्टीत यायची, रोज जिन्यात उभी राहायची, हे आपले मान खाली घालून जायचे. शेवटी मीच अडवलं. विचारलं, माझ्याशी लग्न करता का? सरळ मराठीत. तरी दोनदा विचारावं लागलं." तिनं हिच्या दंडावर हात ठेवला, किंचित दाबला, आणि गेली.

खिडकीतून रस्ता दिसत होता. ती दोघं पायऱ्या उतरून फुटपाथवर आली. दोन पावलं चालून तो थांबला, कानाशी हात नेऊन काहीतरी विचारलं. बायकोनं बोट दाखवलं, वळणावर बस थांबत होती. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबला. बायकोनं वर झाडाकडे दाखवलं. मग कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत बाजूनं गेलं आणि तो चक्क वळून त्या माणसाकडे बघत राहिला; बायकोनं त्याची बाही ओढली, हसत हसत त्याला काहीतरी सांगितलं. दर दोन पावलांवर हे काय, हे काय, आणि ती सांगतेय. असं करत त्या दोघांना कोपऱ्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला. हिच्या मागे बाकावर माणसं ताटकळली होती, पण ती हलली नाही. बायकोचा तिला हेवा वाटत नव्हता, तसा. लग्नाचा नव्हता, संसाराचा नव्हता, इतक्या वर्षांचाही नव्हता. आत्ता, या रस्त्यावर, कुणीतरी आपली बाही धरून थांबावं, हे काय वाजतंय गं असं विचारावं, आणि आपण ओळखून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते इतकं हवं होतं की कोपरा रिकामा झाल्यावरही ती एकेक आवाज ऐकत, मनात त्याचं नाव घेत, काचेला कपाळ लावून तशीच उभी राहिली.